अम्मा चुडैल झाली तवा

माझी अम्मा मेल्यावर दोन वर्षांनी सिनेमात बोलली. आता तुमी म्हणाल, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलं न्हाई बाबा. भर तंबूत, भोंग्यातून बोलली, आणि तिचा आवाज ऐकून हिंगोलीच्या बायका-पोरं किंचाळत एकमेकांच्या अंगावर पडली. कारण त्या सिनेमात अम्मा चुडैल व्हती.

सगळं सुरुवातीपासून सांगते. मधी मधी कोणी बोलू नका, मला राग येतो. आमचे हैदरमियाँ म्हणायचे, गौसियाचा राग म्हणजे चुलीवरचं दूध, नजर काढली की उतू गेलं. आता म्हातारपणी नवऱ्याचं नाव घेऊन राहिले, घेऊ द्या. ते काय आता ऐकायला बसलेत?

अम्माचं नाव हलीमा. तिचे वडील, म्हणजे माझे नाना, हिंगोलीच्या छावणीत सईस व्हते. रिसाल्याच्या, म्हणजे घोडदळाच्या, घोड्यांचं खाणंपिणं, मालिश, शिकवणं, सगळं त्यांच्याकडं. रिसाल्याच्या घोड्याला एक गोष्ट पक्की शिकवायचे. लढाईत स्वारानं शब्द टाकला की घोड्यानं गुडघे मोडून आडवं व्हायचं, मान जमिनीला टेकवायची आणि मेल्यावानी पडून राहायचं. स्वार त्याच्या आडून बंदूक चालवायचा. डोक्यावरून गोळी गेली तरी घोड्यानं कान हलवायचा न्हाई. आणि ज्यानं निजवलं, त्यानंच उठवायचं. दुसऱ्याच्या आवाजावर उठलं तर ते घोडं कच्चं, असं नाना म्हणायचे.

छावणी उठली तवा अम्मा दहा वर्षांची व्हती. रिसाला गेला, घोडे गेले, नानांची विद्या तेवढी तिच्याकडं राहिली. पुढं लगीन झालं ते टांगेवाल्याशी. माझे बावा, खाजा मियाँ, स्टेशनवरून सवाऱ्या आणायचे. बावा गेल्यावर टांगा राहिला आणि मैना राहिली. मैना म्हणजे आमची घोडी. तांबडी, कपाळावर पांढरा चांद. टांगा माझे मिया हाकायला लागले आणि मैनेचं सगळं अम्मा बघायची. ती विद्या अम्मानं मैनेला शिकवली. काहून शिकवली, कोणती लढाई व्हती, अल्लाच जाणे. दुपारी अंगणात तेच चालायचं. अम्मा तिच्या कानाशी जाऊन हळू म्हणायची, "सो जा बेटी, सो जा." मैना आडवी. मग थोड्या वेळानं अम्मा तिच्या डोळ्यावर तळवा ठेवायची, तळवा काढायची आणि म्हणायची, "उठ, फजर हुई." फजर म्हणजे पहाट. एवढं म्हणलं की मैना अंग झाडत उभी.

आता माझा राग कुठं व्हता ते ऐका. ते दोन्ही शब्द माझे व्हते! मी लहान असताना अम्मा मला अशीच निजवायची आणि सकाळी डोळ्यावर तळवा ठेवून अशीच उठवायची. मला भाऊ न्हाई, बहीण न्हाई. माझी म्हणून जी एक गोष्ट घरात व्हती, ती अम्मानं उचलून घोडीला दिली. मी एकदा बोलले बी, "तुला लेक कोण, मी का ती?" तर अम्मा हसली. म्हणली, "तू रुसून उपाशी निजतीस. ती न्हाई निजत." हसण्यावारी न्यायची सवय व्हती तिला. मला न्हाई.

मग शकीलच्या वेळचं घडलं. एकोणचाळीस साल सरत आलं व्हतं. मला नववा लागला व्हता. तेवढ्यात मुंबईची एक सिनेमा कंपनी औंढ्याच्या डोंगरात आली. भुताचा सिनेमा, नाव "चुडैल का घाट". अम्मा एका सकाळी म्हणली, "दोन रोज मैनेला घेऊन औंढ्याला जाऊन येते." मी म्हणलं, "माझे दिवस भरत आलेत आणि तू नाटकवाल्यांमागं निघालीस?" ती म्हणली, "दोनच रोज गं." आणि गेली. दोनाचे आठ झाले. पाचव्या दिवशी माझं पोट दुखायला लागलं. शेजारची आशाबाई धावत आली म्हणून शकील आणि मी वाचलो. त्या कळांत मी "अम्मा, अम्मा" म्हणून घसा फोडला, आणि माझी अम्मा घोडीजवळ.

ती परत आली, दारात उभी राहिली, नातवाला बघून रडायला लागली. मी तोंड भिंतीकडं केलं. म्हणलं, "आलीस कशाला? तुझी लेक बाहेर टांग्याला बांधलीय, तिच्याकडं जा." ती काहीतरी सांगायला लागली. मी कानावर उशी दाबली. त्यानंतर एका घरात राहून मी तिच्याशी कामापुरतं बोलले. भाकर वाढली का, पाणी आणलं का, बस्स. एक्केचाळीस साली तिला ताप आला, चार दिवसांत गेली. त्या चार दिवसांत तिला नीट बोलता बी येत नव्हतं आणि मी तिच्या उशाला बसून "अम्मा, बोल की गं" म्हणत व्हते. शहाणपण उशिरा येतं आणि आल्यावर जात न्हाई.

माणूस मेलं की चेहरा काही दिवस डोळ्यापुढं राहतो. आवाज लवकर जातो. वर्षभरात माझ्या कानातून अम्माचा आवाज गेला. मी आठवायला बसायची, शब्द यायचे, आवाज यायचा न्हाई. कोणाला सांगावं तर लोक हसतील. आमच्या मियांना एकदा सांगितलं, तर ते म्हणले, "मला तर तुझाच ऐकू येतो, सारखा."

त्रेचाळीसच्या दसऱ्याला प्रेमसिंगचा तंबू हिंगोलीत आला. प्रेमसिंग कनेरगाव नाक्याचा. पैले त्या सिनेमा कंपनीला बैलगाड्या, माणसं पुरवायचा. मग त्यालाच सिनेमाचं याड लागलं आणि त्यानं फिरता तंबू काढला. दसऱ्याला आमच्याकडं मोठी जत्रा भरायची, सगळा तालुका लोटायचा. प्रेमसिंगनं "चुडैल का घाट"ची पेटी रेल्वेनं मागवली. आपल्या औंढ्याचा डोंगर पडद्यावर दिसणार, म्हणून गावात नुसती धामधूम.

पेटी आणायला आमचाच टांगा गेला व्हता. प्रेमसिंग पेटी मांडीवर घेऊन आमच्या दारात उतरला आणि मला म्हणला, "बहेन, पयल्या खेळाला येजो. हलीमाखालाचा आवाज हाय यात."

मी पीठ मळत व्हते. म्हणलं, "काय बोलून राहिलास?"

"खरं सांगतो. घोडीला निजवताना खालानं जे म्हणलं ना, ते मशीननं धरलं. कंपनीच्या साहेबाला लई आवडलं. पडद्यावर चुडैल घोड्याला बोलावते आणि घोडं मरून पडतं. तो बोल खालाचाच ठेवलाय त्यांनी."

माझे हात पिठात तसेच राहिले. सांगते तुमाला, ईदला बी मला इतका आनंद झाला नव्हता. अम्मा चुडैल का होईना, बोलणार व्हती. मी शकीलला उचललं आणि पिठाच्या हातानंच त्याचे मुके घेतले. पोरगं नुसतं पांढरं झालं.

पण त्या वेळेस तंबूत सिनेमा लागायच्या आधी तो तहसिलीच्या पेशकारानं बघायचा, असा कायदा व्हता. पेशकार म्हणजे तहसीलदाराचा कारकून, आमचे दत्तोपंत. माणूस देवभोळा, सरळ. अंगणात मुंग्यांना साखर टाकणारा. चालताना खाली बघून चालायचे, किडा पायाखाली येऊ नये म्हणून. निजाम सरकारचा उर्दूतला हुकूमनामा त्यांना तोंडपाठ. नवा सिनेमा आला की संध्याकाळी, लोकांना आत सोडायच्या आधी, एक खुर्ची टाकून दत्तोपंत एकटे सिनेमा बघायचे. त्या दिवशी बी बघायला बसले. आमी बाया बाहेर कनातीपाशी थांबलो व्हतो, मी सगळ्यांच्या पुढं. वीज करणाऱ्या इंजिनाच्या धडधडीत आतलं काही ऐकू येत नव्हतं. अर्ध्या सिनेमात दत्तोपंत डोळे पुसत बाहेर आले आणि म्हणले, "बंद करा."

प्रेमसिंग मागून धावला. "काय झालं पंत?"

"यात एका मुक्या जिवाला मारलंय, प्रेमसिंग. हुकूम स्पष्ट आहे. तमाशासाठी जनावराला खरोखर मारलं, छळलं असेल तर तेवढा तुकडा दाखवायचा नाही. तो कापायचा, लाखेची मोहर लावायची आणि परभणीला पाठवायचा. बाकीचा सिनेमा उद्या दाखवा."

"पंत, ते घोडं मेलं न्हाई!"

"मला काय डोळे नाहीत? मान टाकली, डोळा उघडा राहिला. मी माणसं मरताना पाहिली आहेत बाबा." आणि सांगता सांगता त्यांचे डोळे पुन्हा भरले.

कोणता तुकडा, हे मला कोणी सांगायला नको व्हतं. माझ्या अम्माचा आवाज कापून, मोहर लावून, परभणीच्या कुठल्या तरी कपाटात जाणार व्हता. मी पुढं झाले. म्हणलं, "पेशकार साहेब, ते घोडं आता तुमाला घरी सोडणार हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे ही आमची मैना. ही बघा उभी. हिनंच काम केलंय त्यात."

दत्तोपंतांनी टांग्याकडं बघितलं, मैनेच्या तोंडाकडं बघितलं. म्हणले, "गौसियाबी, तांबड्या घोड्या आणि कपाळावर चांद, अशा परभणी जिल्ह्यात छप्पन सापडतील."

आता बघा गंमत. तीन वर्षं हा माणूस आठवड्यातून चार वेळा आमच्या टांग्यात बसत व्हता. पण साहेब लोक टांग्यात मागं बसतात, मागं तोंड करून. तीन वर्षांत दत्तोपंतांनी हिंगोलीचे सगळे रस्ते मागं जाताना बघितले, पण घोडीचं तोंड काही बघितलं न्हाई. मी हे तोंडावर बोलले. आमचे मिया मागून माझा पदर ओढून राहिले व्हते. पंत रागावले न्हाईत. म्हणले, "ते खरं असेल. पण मला खात्री पटली पाहिजे. उद्या सकाळी घोडी घेऊन या, तशीच निजवून दाखवा. डोळ्यांनी पाहिलं की मी सही करतो. नाही तर कापणार."

सकाळी आमी त्यांच्या दारात हजर. मी, मिया, प्रेमसिंग, आणि मैना. गंगूताई, म्हणजे दत्तोपंतांच्या मंडळी, दसऱ्याच्या तोरणासाठी झेंडूचा ढीग घेऊन ओट्यावर बसल्या व्हत्या. मियांनी मैनेला गोंजारलं, म्हणले, "सो जा बेटी." मैना त्यांच्याकडं बघत राहिली. पुन्हा म्हणले. मैनेनं शेपटीनं माशी मारली. ते मला म्हणले, "तू म्हण. तू अम्माची लेक."

मला राग आला व्हता. सगळ्यांवर. दत्तोपंतांवर, कायद्यावर, मैनेवर बी. चार वर्षांत मी त्या घोडीशी एक शब्द गोड बोलले नव्हते. मी कमरेवर हात ठेवून ओरडले, "सो जा! ए मैना! सो जा म्हणते ना!"

मैनेनं मान लांब केली आणि गंगूताईंच्या ढिगातून तोंडभर झेंडू उचलला.

"अगं बाई, माझं तोरण!" गंगूताई उठल्या. हसावं का रडावं कळेना. दत्तोपंत मात्र गंभीर. म्हणले, "गौसियाबी, माझा तुमच्यावर राग नाही. पण ही ती घोडी नाही."

मग माझा बांध फुटला. भर अंगणात मी खाली बसले आणि रडायला लागले. म्हणलं, "साहेब, मला सिनेमा नको, घोडी नको. त्या तुकड्यात माझ्या आईचा आवाज हाय. ती मेली. मी दोन वर्षं तिच्याशी बोलले न्हाई आणि ती मेली. एकदा ऐकू द्या. मग कापा, जाळा, काय वाटेल ते करा. ती मला तशी टाकून त्या घोडीसंगं औंढ्याला गेली, मी बाळंत झाले तवा नव्हती. त्याचा राग धरून बसले मी, मूर्ख बाई!"

गंगूताई येऊन माझ्यापाशी बसल्या. सोवळ्यात व्हत्या, तरी बसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि तवा प्रेमसिंग बोलला.

"बहेन, खाला काहून गेली ते तुला माहीत न्हाई?"

"काहून?"

"कंपनीनं बाजारातून एक लंगडं तट्टू आणलं व्हतं. त्याच्या पायात तार बांधून त्याला पळवायचं, कड्यापाशी पाडायचं, असं ठरलं व्हतं. मरतं तर मरतं, चित्र चांगलं येतं. तुमच्या दारात टांग्याची वाट बघत मी एका गाडीवानाला हे बोललो, खालानं ऐकलं. रात्रभर तिला झोप न्हाई. सकाळी माझ्याकडं आली, म्हणली, ते तट्टू सोडा, माझी मैना शब्दावर मरते. दोन दिवसांत सोडतो म्हणले व्हते, आठ दिवस अडकवून ठेवलं त्यांनी. पाचव्या दिवशी ती निघाली व्हती घरी. साहेब म्हणला, जा, मग तट्टू हाय आमच्याजवळ. तवा थांबली. रडून राहिली व्हती, बहेन. 'माझ्या लेकीचे दिवस भरलेत,' हेच सारखं म्हणत व्हती."

दत्तोपंत पायरीवर बसले. मी तिथंच बसून राहिले. परत आल्यावर अम्मा दारात उभी राहून जे सांगत व्हती आणि मी कानावर उशी दाबली व्हती, ते हे व्हतं. चार वर्षांनी दुसऱ्याच्या तोंडून मला ते ऐकावं लागलं.

गंगूताई नवऱ्याला म्हणल्या, "अहो, आता तरी सही करा."

"कशावर करू?" दत्तोपंत म्हणले. "माझा विश्वास बसला. पण हुकूमनामा विश्वासावर चालत नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. खोटी सही मी आजवर केली नाही."

मला त्यांचा राग यायला पाहिजे व्हता. आला न्हाई. अम्मा बी अशीच व्हती, धरलं ते सोडायची न्हाई.

गंगूताईच मग म्हणल्या, "घोडी हिच्या आईच्याच आवाजावर निजते ना? मग आवाज तर आहे तुमच्या पेटीत. तिला ऐकवा की."

प्रेमसिंग हसला. "ताई, भोंग्यातला आवाज जनावराला काय कळतो?"

"तुला कळतो ना? मग तिला का नाही कळणार?"

संध्याकाळी ऊन उतरलं तसं आमी मैनेला टांग्यातून सोडून तंबूत नेलं. पडद्याच्या एका अंगाला, मोकळ्या मातीत उभी केली. दत्तोपंत खुर्चीवर, हातात कंदील. गंगूताई बी आल्या व्हत्या, जन्मात पयल्यांदा सिनेमाला. मी जमिनीवर बसले. प्रेमसिंगनं तेवढंच रीळ लावलं.

पडद्यावर आमचा औंढ्याचा डोंगर आला. काळोख, धूर, एक मुसाफर घोड्यावर. मी काही बघत नव्हते. मग भोंगा खरखरला आणि अम्मा बोलली.

"सो जा बेटी... सो जा..."

या अल्ला! तोच आवाज. शेवटी थोडा बसणारा, पान खाल्ल्यावानी. "बेटी" म्हणताना जरा लांबवायची, तसंच लांबवलं. लोकांना ती चुडैल वाटायची. मला माझं लहानपण ऐकू आलं, अंगावरचं पांघरूण, चुलीचा वास, सगळं. मी पदर तोंडात कोंबला, आवाज फुटू नये म्हणून, तिचा एक बोल बी वाया जाऊ नये म्हणून.

आणि गंगूताईंनी माझा खांदा दाबला. "बघ, बघ!"

मैनेचे कान उभे राहिले व्हते. तिनं मान फिरवली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कुठं हाय म्हणून. मग पुढचे गुडघे मोडले. हळू, म्हातारीवानी. अंग टाकलं, मान मातीला लावली. डोळा उघडा. पडद्यावर एक मैना पडली व्हती आणि खाली दुसरी, तशीच्या तशी.

दत्तोपंत कंदील घेऊन उठले. पडद्याकडं बघितलं, खाली बघितलं, खाली वाकून पयल्यांदा तिचं तोंड नीट बघितलं. "अरे, ही तर आपली टांग्याची!" असं म्हणले आणि लहान पोरासारखे हसले. तिथंच मांडीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. प्रेमसिंगनं तर त्यांचे पायच धरले. आमचे मिया मला म्हणले, "आता हास की."

पण मैना उठेना.

मियांनी लगाम ओढला, "चल, उठ." हलली न्हाई. प्रेमसिंगनं पाठीवर थाप मारली, टाळ्या वाजवल्या. कान बी हलवला न्हाई. नानांची विद्या पक्की व्हती, ज्यानं निजवलं त्यानंच उठवायचं. मी ओरडले, "प्रेमसिंग, पुढचं लाव! अम्मा पुढं उठ म्हणते ते लाव!"

प्रेमसिंगचं तोंड उतरलं. "ते न्हाई बहेन. ते कंपनीनं काढून टाकलं. चुडैलीनं मारलेलं घोडं कुठं उठतं व्हय?"

बाहेर लोक तिकिटासाठी गलका करून राहिले व्हते. मैना पडून वाट बघत व्हती. पंधरा वर्षांची घोडी, अशी आडवी फार वेळ राहिली तर पोट फुगतं, दम कोंडतो, हे आमच्या घरात लेकराला बी माहीत. मियांनी चाबूक उचलला तसे दत्तोपंत आडवे झाले, "नको, हैदरमियाँ, मारू नका! माझ्या कायद्यापायी हिला मारू नका!" आणि कपाळावर हात मारून घेतला. गेला अर्धा तास मी मैनेच्या डोळ्यात बघितलं नव्हतं. आता बघितलं. ती भोंग्याकडं बघत व्हती. सगळ्या हिंगोलीत दोघीच जणी व्हत्या, अम्मानं पुढचा शब्द बोलावा म्हणून थांबलेल्या. एक ती आणि एक मी.

माझा राग गेला. कुठं गेला माहीत न्हाई, पण गेला. मी तिच्या डोक्यापाशी बसले. सकाळी ओरडले व्हते, तसं ओरडून व्हायचं न्हाई, हे मला कळत व्हतं. मी तळवा तिच्या डोळ्यावर ठेवला. पापणी माझ्या हाताखाली हलली. अम्मा मला उठवायची तवा माझी बी अशीच हलत असेल. मी वाकले, तिच्या कानाशी तोंड नेलं, तळवा काढला.

"उठ बेटी," मी म्हणलं, "फजर हुई."

आणि खरं सांगते, माझ्या तोंडून तो आवाज निघाला. शेवटी बसणारा, लांबवणारा. मियांनी दचकून मागं बघितलं, अम्माच आली म्हणून. मैना क्षणभर तशीच राहिली. मग पुढचे पाय रोवले, ढुंगण उचललं आणि अंग झाडत उभी राहिली. सगळी माती दत्तोपंतांच्या धोतरावर. ते म्हणले, "असू दे, असू दे," आणि डोळे पुसत राहिले.

खेळ नऊ दिवस चालला. मी नवाच्या नऊ दिवस गेले. अम्मा बोलली की तंबूत एकच किंचाळी उठायची, लेकरं मांडीत तोंड लपवायची. माझा शकील शेजारच्यांना सांगायचा, "ती चुडैल न्हाई, माझी नानी हाय." दहाव्या दिवशी प्रेमसिंगनं तंबू उतरवला, पेटी रेल्वेनं परत गेली. पुन्हा तो सिनेमा मी कधी बघितला न्हाई. पण अम्माचा आवाज आता मला आठवावा लागत नव्हता. मैनेशी बोलायला लागले की निघायचा. दत्तोपंत त्यानंतर टांग्यात पुढं बसायला लागले, मियांशेजारी. म्हणायचे, "ओळखीची माणसं तोंडाकडून बघावीत."

मैना अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात गेली. दिवस वाईट व्हते, कोण कुणाच्या दारात जाईना, ते सगळं आज नको. वीस वर्षांची झाली व्हती. तीन दिवस तिनं काही खाल्लं न्हाई. पाय थरथरत व्हते, तरी उभीच. म्हाताऱ्या घोड्याला कळतं, एकदा बसलो की उठणं न्हाई. म्हणून ते बसत न्हाई, उभ्या उभ्या हाल सोसतं. तिसऱ्या दिवशी पहाटे मिया मला म्हणले, "माझं ऐकत न्हाई. तूच सांग तिला."

मी तिच्या कानाशी गेले. म्हणलं, "सो जा बेटी, सो जा."

तिनं गुडघे मोडले, मान माझ्या मांडीवर टाकली. मी तळवा तिच्या डोळ्यावर ठेवला. थोड्या वेळानं मशिदीत फजरची बांग झाली. मी तळवा काढला न्हाई. दुसरा शब्द मी बोललेच न्हाई.